डाव्या बैलाची बाजूगाडी

बारामतीत भिगवण रस्त्याला माझं गॅरेज होतं. त्याच्या पाटीवर गॅरेजच्या नावापेक्षा माझी पदवी मोठ्या अक्षरांत होती : बी.एस्सी. (फिजिक्स). पाटी रंगवणारा तेव्हाच म्हणाला होता, "कंस कशाला? लोकांना वाटंल, चुकीचं लिवलंय म्हणून कुंपण घातलंय." मी म्हटलं, असू दे कुंपण. आमच्या घराण्यात मेंढरं मोजता येणारे सगळेच होते. कॉलेजची पायरी चढून, पास होऊन उतरलेला मी पहिला. एवढ्या पिढ्यांची पायपीट चार बोटं उंचीच्या अक्षरांत मावत नसते.

वडिलांचं मत वेगळं होतं. ते गॅरेजात आले की आधी पाटीकडं बघत, मग माझ्या काळ्या हातांकडं, आणि म्हणत, "शिकून शेवटी नटच पिळतुयास न्हवं?"

मी म्हणायचो, "आण्णा, न शिकलेला नुसता पिळतो. मला तो का पिळायचा ते ठाऊक असतं."

हे वाक्य मला फार आवडायचं. पुढं जे सांगणार आहे, ते घडल्यावर मी ते वापरायचं बंद केलं.

पोटाचा धंदा एमआयडीसीतल्या कामगारांच्या मोटरसायकलींचा. क्लच सुटत नाही, चेन उतरते, पाळी चुकेल, लवकर करा. पण नाव झालं होतं ते जुन्या विलायती गाड्यांमुळं. साहेब गेले, त्यांच्या गाड्या राहिल्या. बारामती-इंदापूर पट्ट्यात कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या कडब्याखाली एखादी निघायची. त्यांचे पार्ट मिळत नसत, त्यांची पुस्तकं इंग्रजीत असत, आणि पुस्तक वाचून इंजिन उघडणारा तालुक्यात मी एकटा होतो. बाकीचे मिस्त्री न वाचता उघडत आणि गाडी तरीही चालू होई, हा भाग वेगळा.

नव्वदच्या पुढची दोन-तीन वर्षं असतील. पुण्याचे एक सद्गृहस्थ जुनी गाडी विकत घ्यायची म्हणून आले. पांढरे बूट, खिशात भिंग. मी त्यांना जळोचीत एका गोठ्यातली गाडी दाखवायला नेलं. म्हशीच्या शेपटीपासून बूट वाचवत त्यांनी हेडलाइटचा एक स्क्रू भिंगातून न्याहाळला आणि म्हणाले, "पिरियड करेक्ट नाही." आणि निघाले. चहासुद्धा घेतला नाही. वाटेत त्यांनी मला अर्थ समजावला. गाडी ज्या काळची, तिच्यावरचा तुकडा न् तुकडा त्याच काळचा हवा. नंतरचा एक स्क्रू लागला तरी गाडी बाटली. आमच्या घरात सोवळं कधी नव्हतं, मेंढरांबरोबर राहणाऱ्याला ते परवडतही नाही. पण मोटरसायकलीचं सोवळं मला तिथल्या तिथं पटलं. त्याला इंग्रजी नाव होतं ना.

आणि नेमके त्याच आठवड्यात कऱ्हाटीचे तात्या आले.

तात्या माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. जन्मभर दुसऱ्याचे ट्रॅक्टर चालवले, पण स्वतःची म्हणून एकच गाडी ठेवली : लढाईच्या आधीची, एका सिलिंडरची, पुढं शॉकअब्सॉर्बरच्या जागी पाइपांचा सांगाडा आणि मधोमध एक जाड स्प्रिंग. तिच्या मागच्या सीटवर बसून हिराआक्कांनी, म्हणजे तात्यांच्या मंडळींनी, सगळा संसार केला. मग एक दिवस आक्का गोठ्यात पाय घसरून पडल्या. मांडीत सळई बसली. हाड जुळलं, पण पाय लांब सोडून बसता येई तेवढंच. मागच्या सीटवर चढणं संपलं. एसटीची पायरी उंच, आणि वडापच्या जीपमध्ये माणसं भरतात तसं भरून घ्यायचं तर सळई वाकायची.

"तिला इंदापूरला जायाचंय," तात्या म्हणाले. "थोरल्या भैनीकडं. ठकूआक्काकडं."

"आजारी आहेत का?"

"छ्या. ठणठणीत हाय. भांडाण ऱ्हायलंय."

भाचीच्या लग्नात ठकूआक्का चारचौघींत म्हणाल्या होत्या, की हिराच्या हाताला चव न्हाय. हिराआक्का उत्तर देणार, तेवढ्यात अक्षता पडल्या. उत्तर राहिलं. नंतर लगेच त्या पडल्या. थोरली यायची नाही, कारण धाकटीनं आधी यावं असं तिचं म्हणणं. धाकटीला जाता येत नव्हतं. गावात फोन एकच, ग्रामपंचायतीत, आणि असलं भांडण शिपायासमोर करता येत नाही.

"तवा बाजूला एक डबा बसवून दे," तात्या म्हणाले. "एमआयडीसीत पत्रा वाकवून देत्यात. खाली एक चाक लाव, चार वेल्डिंग मार. आठ दिसाचं काम हाय."

खरंच आठ दिवसांचं होतं. मी म्हटलं, "तात्या, ही लढाईच्या आधीची गाडी. हिला त्याच काळची साइडकार पाहिजे."

"का? नवी आणली तर नांदायची न्हाय का?"

मी त्यांना पिरियड करेक्ट समजावून सांगितलं. भिंग नव्हतं, पण सूर तोच लावला. तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. शिकलेल्या माणसाचं ऐकून घ्यायची त्यांना सवय होती, ही त्यांची चूक. पुढच्या खेपेला आक्कांचा निरोप घेऊन आले : "ती म्हंती, मी त्याच काळची हाय. मला बसवली म्हंजी झालं की."

मी हसलो. निरोप बरोबर होता हे तेव्हा कळलं नाही.

शोध सुरू झाला. मुंबईला दोनदा गेलो. पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारमागून रविवार घातले. शिवाय माझ्याकडं एक यंत्रणा होती, जी पुण्याच्या सद्गृहस्थांकडंही नव्हती : आमचे पाहुणे. मेंढरं घेऊन आठ महिने रानोमाळ फिरणारी ही माणसं. कुठल्या वस्तीवर काय पडलंय हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. त्यांना मी सांगितलं, एका चाकाची होडी, फटफटीच्या बगलेत बांधायची. निरोप येऊ लागले. एक होडी निघाली ती खरीच होडी होती. एक निघाली दात काढायची जुनी खुर्ची. एका मावसभावानं तर तीन मुक्काम वाट वाकडी करून मेंढरांबरोबर लहान पोरांना फिरवायची साहेबी ढकलगाडी आणून दिली आणि म्हणाला, "चाकं चार हायेत, तीन काढून टाक."

मग पुण्यातल्या एका दुकानात मला 'अस्सल त्या काळची' साइडकार मिळाली. गंज इतका सुरेख होता की मी लगेच घेतली. बारामतीला आणून धुतली, तर गंज पाण्याबरोबर गेला आणि आत फायबर निघालं. माझ्यापेक्षा वयानं लहान. ती मी गॅरेजच्या मागं उपडी घालून ठेवली आणि तिच्याबद्दल कुणाला बोलू दिलं नाही.

तात्या दर बाजारला यायचे. गाडीत काही बिघाड नसला तरी यायचे. "हिरा इचारतीया, तुझा त्यो काळ कवा यायचा? का तिचाच आधी येतोय?"

"येईल तात्या. घाईनं गाडी बाटते."

अशात एक पोस्टकार्ड आलं. इंदापूर तालुक्यातल्या लासुर्ण्याजवळून, गेनूआबा म्हणून एका निवृत्त पाटकऱ्याचं. पाटकरी म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या रानात कधी सुटायचं ते हाताळणारा माणूस. नोकरीत असेपर्यंत त्याच्याशी सगळे गोड बोलतात. आमच्या कुणा मेंढक्यानं त्यांच्या विहिरीवर पाणी पाजताना माझा निरोप सांगितला होता. कार्डावर लिहिलं होतं : 'पाटाच्या साहेबाची बाजूगाडी आमच्याकडं हाय. जोडायचे चार कान उजव्या अंगाला हायेत. हल्ली कोंबड्या बसतात. येऊन बघणे.'

मी कार्ड वाचलं आणि 'उजव्या अंगाला'पाशी थांबलो. इथं थोडा खुलासा करतो. आपल्याकडं वाहनं रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालतात, म्हणून साइडकार मोटरसायकलीच्या डाव्या हाताला लागते. जिथं उजवीकडून चालतात, तिथं उजव्या हाताला. तेव्हा ही उजवीकडची साइडकार म्हणजे लढाईत कुणा परदेशी फौजेनं टाकलेली असणार, असं मी ताडलं. एवढं ताडायला बी.एस्सी. लागतं. लगेच उत्तर लिहिलं : 'आपली साइडकार उजव्या बाजूची असल्याने भारतीय रस्त्यांस अयोग्य आहे. तसदीबद्दल क्षमस्व.' खाली सही, सहीपुढं पदवी, पदवीपुढं कंस.

मुंबईला दोनदा गेलेला मी लासुर्ण्याला गेलो नाही. बारामतीहून तासाभराचासुद्धा रस्ता नाही. कार्ड तारेला टोचलं. जुन्या बिलांचा गठ्ठा खिळ्याला टांगलेला असायचा, त्यात ते गेलं आणि त्यावर दीड वर्षाची बिलं चढली.

दीड वर्षानं एकदा तात्या गॅरेजात बसले होते. मी एका कामगाराच्या गाडीत गुंतलो होतो. वेळ जाईना म्हणून त्यांनी तारेवरचे कागद चाळायला घेतले. चौथी शिकलेले, अक्षराला अक्षर लावून वाचत. मधेच म्हणाले, "बीएश्शी, ह्यो गेनू पाटकरी काय लिवतोय रं?"

मी मान वर न करता सांगितलं, "ती उजवीकडची आहे तात्या. आपल्याला चालायची नाही."

तात्यांनी कार्ड पुन्हा वाचलं. मग एका हातात पाना आणि दुसऱ्या हातात पेचकस घेतला. दोन्ही शेजारी शेजारी धरले.

"हे बैल," ते म्हणाले. "बाजारात एकटा बैल घ्यायला गेलं की आधी काय इचारत्यात?"

"डावा का उजवा."

"व्हय. आता डाव्या बैलाचा जोडीदार त्येच्या कुठल्या अंगाला आसतो?"

मी पान्याकडून पेचकसाकडं आणि परत पान्याकडं बघितलं.

"उजव्या," तात्याच म्हणाले. "मग ह्या गाडीचं कान तिच्या उजव्या अंगाला हायेत, तर फटफटी तिच्या कुठं यायाची? उजवीकडं. आन् ती सोता कुठं? डावीकडं. अरं, ही डाव्या बैलाची हाय. आपल्याला पायजे तीच."

ज्या कामगाराची गाडी होती तो पाटीकडं बघत होता. मी त्याला म्हटलं, "तिकडं काय बघतोस, क्लच दाब."

तात्या चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाले, "कार्ड कवाचं हाय रं?" आणि तारीख बघून कार्ड पुन्हा तारेला टोचून ठेवलं, होतं त्याच जागी.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं लासुर्ण्याला. कालव्याच्या कडेला गेनूआबांचं घर. अंगणात ती होती. पितळी पट्टी, मागं पात्यांच्या स्प्रिंगा, सांधे वेल्डिंगचे नव्हे तर पितळ ओतून भरलेले, म्हणजे त्या काळचेच. आत पाच कोंबड्या आणि एक कोंबडा. आणि हो, मोटरसायकलीला जोडायचे चार कान, तिच्या उजव्या अंगाला.

मी नाव सांगितलं. गेनूआबा आत गेले आणि माझं उत्तर घेऊन आले. जपून ठेवलं होतं. "हेच का तुमी?" त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं. "'भारतीय रस्त्यांस अयोग्य.' मी म्हटलं आसंल. साहेबाला कैक वरसं हिच्यात बसून पाटाच्या कडंनं जाताना मीच बघितला, पर त्येला कुठं बी.एस्सी. म्हाईत हुतं." मग सहीकडं बोट. "आन् हे कंसात काय हाय?"

"फिजिक्स."

"म्हंजी काय आसतंय?"

तात्या म्हणाले, "डावं-उजवं."

गेनूआबा द्यायला तयार होते. अट एकच : "माझ्या कोंबड्यांची सोय करा." ती माझ्याकडं होती. गॅरेजमागं उपडी पडलेली फायबरची अस्सल साइडकार मी सुलटी केली, जाळी लावली आणि टेम्पोत घालून लासुर्ण्याला पोचवली. कोंबड्या लगेच आत गेल्या. त्यांनी पिरियड विचारला नाही.

साइडकार बसवणं म्हणजे नुसतं बोल्ट आवळणं नव्हे. दोन सरळ फळ्या घ्यायच्या. एक मोटरसायकलीच्या दोन्ही चाकांना लावायची, दुसरी साइडकारच्या चाकाला. फळ्यांमधलं अंतर मागं जेवढं, त्याहून पुढं बोटभर कमी हवं. म्हणजे साइडकारचं चाक किंचित आत बघतं. सरळ बघणारं चाक गाडीला सारखं डावीकडं ओढतं, शिवेवरचा ऊस बघितलेल्या बैलासारखं. आणि मोटरसायकल उभी करायची ती किंचित बाहेर कललेली. वजन पडलं की सरळ होते. हे सगळं पुस्तकात होतं. तात्यांना नुसतं एकदा दाखवलं, त्यांनी फळ्या स्वतः धरल्या. पुस्तक मी उघडून ठेवलं होतं, पण त्याकडं दोघांनीही बघितलं नाही.

रिकाम्या साइडकारनं डावीकडं वळलं की तिचं चाक उचलतं. म्हणून पहिली चाचणी वाळूचं पोतं घालून केली, दुसरी आक्कांना घालून. मी आतली गादी त्या काळच्या रेक्झिनची करून घेतली होती. आक्कांनी ती दाबून बघितली आणि म्हणाल्या, "हिच्यावर माझी वाकळ टाक."

"आक्का, वाकळ त्या काळची नाही."

"माझ्या आईच्या लुगड्यांची हाय. तुझ्या गाडीची आई कुठं हाय ती इचार जा." वाकळ टाकली.

इंदापूरला निघालो. तात्या चालवायला, आक्का साइडकारमध्ये पाय लांब सोडून, मी मागच्या सीटवर पान्यांची पिशवी घेऊन. निमगावपर्यंत आक्का वाटेतल्या प्रत्येक वस्तीवर कोण राहतं ते सांगत होत्या. निमगावच्या पुढं गप्प झाल्या. ओठ हलत होते. तात्या मला म्हणाले, "तालीम चाललीया."

ठकूआक्कांच्या दारात गाडी थांबली तेव्हा आळीतली माणसं गोळा झाली. मी साइडकारच्या पितळी पट्टीवरून फडकं फिरवलं. कुणीतरी ती कुठल्या काळची म्हणून विचारावं अशी माझी तयारी होती. ठकूआक्का बाहेर आल्या. हिराआक्का उतरल्या नाहीत. बसल्या जागेवरूनच पदर खोचला आणि दीड वर्ष, नव्हे त्याहून जास्त, तोंडात धरलेलं उत्तर सुरू केलं. कुणाच्या लग्नातल्या पोळ्या कुणी लाटल्या, आई आजारी असताना कुणाच्या हातचं मागून खायची, नवरा कुणाचा जेवताना मीठ मागतो. मी इतकं रचलेलं बोलणं कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेतही ऐकलं नव्हतं.

ठकूआक्का जवळ आल्या. कानामागं हात धरला. "काय म्हंतीस?"

हिराआक्कांनी आवाज चढवला. पुन्हा पहिल्यापासून.

"मोठ्यानं बोल की."

तिसऱ्यांदा त्या एवढ्या मोठ्यानं बोलल्या की कोपऱ्यावरचा पानवाला बाहेर आला. ठकूआक्का हसत मान हलवत होत्या. त्यांचा थोरला मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, "मावशे, आईला आता ऐकू येत न्हाय. शिमग्यापासनं कान गेलं. त्येच्या आधी चांगलं येत हुतं."

शिमगा होऊन सहा महिने झाले होते. कार्ड येऊन दीड वर्ष.

हिराआक्कांनी खोचलेला पदर सोडला. तात्यांनी इंजिन बंद केलं. मग आक्कांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. नजरेत राग नव्हता. म्हणाल्या, "बीएश्शी, पत्र्याचा डबा आठ दिसात हुनार हुता न्हवं?"

मी हातातलं फडकं पान्यांच्या पिशवीत कोंबलं. साइडकारमध्ये वाकून ठकूआक्कांनी बहिणीचा दंड चाचपला आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तशा, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हिरे, किती वाळलीस गं. सोताच्या हातचं खाऊन आसं हुतंय बघ."

आळी हसली. हिराआक्कांचं तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. मग त्यांनी बहिणीचा हात धरला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

तात्या माझ्या कानाशी म्हणाले, "चला. निम्मं भांडाण तरी झालं."

त्यानंतर ती साइडकार इंदापूरला पुष्कळदा गेली. पुढं पुण्याचे ते सद्गृहस्थही भिंग घेऊन येऊन गेले. एकूण एक स्क्रू बघितला आणि म्हणाले, "पूर्ण पिरियड करेक्ट. फक्त ती गोधडी काढा." मी त्यांना चहा विचारला नाही.

इंदापूरहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी पाटी रंगवणाऱ्याला बोलावलं होतं. बी.एस्सी. ठेवायला सांगितलं, ती मी कमावली होती, आण्णांनी त्यासाठी मेंढरं विकली होती, ती पुसायचा मला हक्क नव्हता. फक्त कंसातलं पुसायला सांगितलं. त्यानं पुसलं. मग शिडीवरूनच विचारलं, "मोकळं कुंपण कशाला ठिवायचं? त्येबी काढतो की."

मी म्हटलं, असू दे. आत काय होतं असं कुणी विचारलं तर सांगता येईल.

गॅरेज बंद होईपर्यंत कुणी विचारलं नाही. म्हणून इथं लिहिलं.